काँक्रीटचा ओटा: रोजची स्वच्छता, डाग आणि लेपाची निगा

अर्धे कापलेले लिंबू काँक्रीटच्या ओट्यावर रात्रभर पालथे राहिले, तर सकाळी त्याच्या जागी एक फिकट, निस्तेज वर्तुळ दिसते. ओल्या फडक्याने पुसले की ते नाहीसे होते आणि आपण निश्चिंत होतो. पण पाच-दहा मिनिटांत ओटा वाळतो आणि वर्तुळ होते तिथेच पुन्हा उमटते. त्यावरून बोटाचे टोक अलगद फिरवले तर भोवतालच्या गुळगुळीत भागापेक्षा तेवढीच जागा किंचित खरखरीत लागते. बहुतेक जण याला डाग समजून घासायला घेतात आणि घासून तो जात नाही असे दिसल्यावर आणखी जहाल काहीतरी वापरतात. प्रत्यक्षात तिथे बाहेरून काहीही येऊन बसलेले नसते. उलट ओट्याचाच एक अतिशय पातळ थर झिजून गेलेला असतो. काँक्रीटच्या ओट्याची निगा राखताना होणाऱ्या निम्म्याहून अधिक चुका, माझ्या मते, झीज आणि डाग यांतला हा फरक न ओळखल्यामुळे होतात. उरलेल्या चुका ओट्यावर कोणता लेप आहे हे माहीत नसताना काहीतरी ओतल्यामुळे होतात.

काँक्रीट कशामुळे डागते आणि कशामुळे झिजते

काँक्रीट म्हणजे वाळू व खडी यांना सिमेंटच्या लगद्याने एकत्र बांधून तयार झालेला कृत्रिम दगड. सिमेंट आणि पाणी यांच्या रासायनिक क्रियेतून जे पदार्थ तयार होतात, त्यांत कॅल्शियम हायड्रॉक्साइड म्हणजे विरलेला चुना बऱ्याच प्रमाणात असतो आणि त्यामुळे नव्या काँक्रीटचा सामू 12 ते 13 इतका, म्हणजे चांगलाच अल्कधर्मी असतो. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी संयोग होऊन पृष्ठभागाजवळच्या चुन्याचे हळूहळू कॅल्शियम कार्बोनेट होते. आम्लाचा स्पर्श होताच हे दोन्ही पदार्थ विरघळतात. लिंबाच्या रसाचा सामू 2 ते 3 च्या दरम्यान असतो आणि घरगुती व्हिनेगरमध्ये साधारण 5 टक्के ॲसिटिक आम्ल असते, त्यामुळे लेप नसलेल्या काँक्रीटवर यांचा परिणाम दिसायला काही मिनिटेही पुरतात. टोमॅटो, संत्री, वाइन, दही आणि बहुतेक शीतपेये याच वर्गात मोडतात. त्यांचा वेग कमी असतो इतकेच.

दुसरा स्वभावधर्म सच्छिद्रतेचा. काँक्रीट ओतताना घातलेले सगळे पाणी रासायनिक क्रियेत खर्ची पडत नाही. उरलेले बाहेर पडताना मागे केसापेक्षाही बारीक नलिका सोडून जाते. या नलिका वातीसारख्या काम करतात आणि तेल, कॉफी किंवा बेरीचा रस पृष्ठभागावर पडताच आत ओढून घेतात. म्हणून काँक्रीट दोन वेगळ्या मार्गांनी खराब होते: आम्लाने झिजते आणि रंगीत किंवा तेलकट द्रवाने डागते. वाइन व टोमॅटो दोन्ही कामे एकाच वेळी करतात, आणि म्हणून त्यांच्या खुणा सर्वांत चिवट असतात.

आधी लेप ओळखा

स्वयंपाकाचा ओटा सहसा उघड्या काँक्रीटचा ठेवलेला नसतो. त्यावर सीलर, म्हणजे संरक्षक लेप, दिलेला असतो आणि आपण रोज जे पुसतो ते बव्हंशी काँक्रीट नसून हा लेप असतो. ओटा बनवणाऱ्या कारागिराकडून लेपाचे नाव व प्रकार लिहून घेणे हा सर्वांत सोपा मार्ग आहे. ती माहिती हाती नसेल तर थोडी परीक्षा करावी लागते, कारण एका प्रकारच्या लेपावर निर्धोक असलेली गोष्ट दुसऱ्यावर घातक ठरू शकते.

लेपांचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. पहिला मुरणारा लेप. सायलेन आणि सायलॉक्सेन या वर्गातली रसायने नलिकांच्या भिंतींवर बसून त्यांना पाणी न धरणाऱ्या बनवतात, तर लिथियम किंवा सोडियम सिलिकेट चुन्याशी संयोग पावून पृष्ठभाग अधिक घट्ट व कठीण करते. असा ओटा हाताला दगडासारखाच लागतो, गरम भांड्याने त्यावर फोड येत नाहीत आणि ओरखड्याने लेप फाटण्याचा प्रश्नही नसतो. मात्र हा लेप आम्लापासून जवळजवळ काहीच संरक्षण देत नाही, कारण पृष्ठभागावरचा चुना उघडाच राहतो. दुसरा वर्ग वर बसणाऱ्या पापुद्र्याचा. त्यात ॲक्रिलिक, इपॉक्सी आणि पॉलियुरेथेन येतात. ॲक्रिलिक स्वस्त व लावायला सोपे, पण मऊ असते आणि उष्णतेने चिकटू लागते. इपॉक्सी डागांना चांगला अटकाव करते, पण सूर्यप्रकाशात पिवळट पडते आणि त्यावर ओरखडे लगेच उठून दिसतात. चांगल्या प्रतीचे पॉलियुरेथेन डाग, आम्ल व घर्षण या तिघांनाही बऱ्यापैकी पुरून उरते. पण ते एकदा सुटू लागले की घरच्या घरी दुरुस्त करणे अवघड असते. या दोन्ही वर्गांवर, किंवा काहीच नसलेल्या ओट्यावर, मेण लावण्याचीही पद्धत आहे.

परीक्षेसाठी ओट्याचा आडबाजूचा कोपरा निवडावा. नखाने हलकेच खरवडल्यावर नखात पांढरट, मऊ कीस आला तर वर मेण आहे. मेण नसेल तर कापसाच्या बोळ्यावर दोन-तीन थेंब ॲसिटोन घेऊन तो त्याच कोपऱ्यावर काही सेकंद धरावा. पृष्ठभाग चिकट झाला तर ॲक्रिलिक समजावे. ॲसिटोन लगेच उडून गेले आणि काहीच झाले नाही, तर एकतर मुरणारा लेप आहे किंवा इपॉक्सी अथवा पॉलियुरेथेनचा पापुद्रा आहे, आणि या दोहोंतला फरक डोळ्यांना कळतो. दिवा तिरका धरला तर पापुद्र्यावर काचेसारखी सलग झळाळी दिसते, तर मुरणाऱ्या लेपाखालचे काँक्रीट आपले बारीक रंध्र उघडपणे दाखवते.

लेप अजून काम करतो आहे की नाही हे पाहण्यासाठी पाण्याची परीक्षा करतात, पण ती बहुधा अर्धवट केली जाते. थेंब गोल मोत्यासारखा उभा राहिला म्हणजे लेप शाबूत, असे सरसकट सांगितले जाते. मुरणाऱ्या लेपाबाबत ते काही अंशी खरे आहे. पापुद्र्याच्या लेपावर मात्र थेंब पसरला तरी लेप उत्तम असू शकतो. खरी खूण थेंबाच्या आकारात नसून त्याच्याखालच्या रंगात असते. चमचाभर पाणी ओतून पंधरा मिनिटे थांबावे, ते टिपून घ्यावे आणि खालची जागा गडद झाली आहे का ते पाहावे. गडद झाली असेल तर पाणी आत गेले, आणि पाणी जाते तिथे तेलही जाते. ही परीक्षा सिंकच्या कडेला, शेगडीजवळ आणि जिथे रोज कापाकापी होते अशा तिन्ही ठिकाणी वेगवेगळी करावी, कारण लेप सगळीकडे सारख्या गतीने झिजत नाही. सिंकलगतची वीतभर पट्टी नेहमी सर्वांत आधी जाते. कधी कधी संपूर्ण जागा कोरडी राहते आणि फक्त एक केसासारखी रेष गडद होते. तो ओरखडा असतो आणि तेवढाच दुरुस्त करता येतो.

रोजची स्वच्छता

रोजच्या स्वच्छतेत विशेष असे काही करायचे नसते, आणि ते थोडेच पण नियमाने करणे महत्त्वाचे असते. कोमट पाण्यात भांडी घासण्याच्या सौम्य द्रव साबणाचे काही थेंब टाकावेत, मऊ सुती किंवा मायक्रोफायबरचे फडके त्यात बुडवून घट्ट पिळावे आणि ओटा पुसावा. पुसण्याआधी कोरडे कण, विशेषतः मीठ आणि साखर, हाताने किंवा मऊ कुंच्याने झाडून घ्यावेत. नाहीतर तेच कण फडक्याखाली घोटले जाऊन पापुद्र्यावर बारीक ओरखडे पाडतात. नंतर दुसरे फडके साध्या पाण्यात पिळून साबण पुसून घ्यावा. ही दुसरी पुसणी लोक हमखास टाळतात आणि काही महिन्यांनी ओटा मळकट दिसू लागला की लेप गेला असे समजतात. बऱ्याचदा तो लेप गेलेला नसतो, साबणाचा थर साचलेला असतो, आणि दोन-तीन वेळा नुसत्या कोमट पाण्याने पुसल्यावर मूळची झळाळी परत येते.

शेवटी ओटा कोरडा करावा. पाणी निरुपद्रवी वाटते, पण सिंकभोवती साचून राहिलेले पाणी पापुद्र्याच्या कडेखाली शिरते आणि तिथे ढगासारखा पांढुरका चट्टा येतो. शिवाय नळाच्या पाण्यात क्षार जास्त असतील तर वाळलेल्या प्रत्येक थेंबामागे चुनकट वर्तुळ राहते, आणि ते काढण्याचा जो नेहमीचा उपाय, म्हणजे व्हिनेगर, तो इथे वापरता येत नाही. नळाच्या बुडाशी आणि साबणाच्या बाटलीखाली साचणारे पाणी दिवसातून एकदा तरी टिपावे. बाटल्या व डबे एखाद्या तबकात ठेवले तर हा त्रास बराच कमी होतो. लोखंडी किंवा पत्र्याचे डबे तर ओल्या ओट्यावर थेट ठेवूच नयेत, कारण त्यांच्या बुडाचे गंजाचे कडे काँक्रीटमध्ये उतरले की ते काढणे हा या सगळ्या प्रकरणातला सर्वांत किचकट उद्योग असतो.

सांडलेले पुसून घेण्याचीही रीत आहे. फडके सांडलेल्या द्रवावर दाबून तो टिपावा, पसरवत पुसू नये. कॉफीचा एक थेंब हातभर पसरवला की तेवढ्या सगळ्या रंध्रांना तो पाजला जातो. आम्लयुक्त पदार्थ असेल तर टिपल्यावर लगेच भरपूर पाण्याने ती जागा पुसावी.

कच्चे मांस किंवा अंडी हाताळल्यावर निर्जंतुक करायचे असेल, तर आधी साबणाने नीट धुऊन मगच जंतुनाशक वापरावे, कारण घाणीच्या थरावर जंतुनाशक फारसे काम करत नाही. जवळपास उदासीन सामूचे जंतुनाशक निवडावे, वेष्टनावर सांगितलेला वेळ ते ओले राहू द्यावे आणि मग पाण्याने पुसून काढावे. ॲक्रिलिक लेपावर अल्कोहोलचे द्रावण पुन्हा पुन्हा फवारल्यास तो धुरकट होतो. खरे तर कापण्याचे काम नेहमी पाटावर केले तर निर्जंतुक करण्याची वेळ फारच कमी वेळा येते, आणि सुरीची धारही टिकते. काँक्रीटमधल्या वाळूपुढे पोलादाचा निभाव लागत नाही.

काय वापरू नये

व्हिनेगर, लिंबू आणि त्यांपासून बनवलेली सगळी «नैसर्गिक» द्रावणे काँक्रीटसाठी वर्ज्य आहेत. लिंबाने तेलकटपणा जातो हा सल्ला इतर पृष्ठभागांपुरता ठीक असेल; इथे तेलाबरोबर ओटाही जातो. फरशी किंवा शौचालय स्वच्छ करण्याची आम्लयुक्त द्रावणे आणि क्षार काढणारी रसायने तर ओट्याच्या आसपासही आणू नयेत. ब्लीचचा प्रश्न वेगळा आहे. ते अल्कधर्मी असल्यामुळे काँक्रीटला विरघळवत नाही, पण रंगीत ओट्याचे काही रंग फिके करू शकते आणि पापुद्र्याची झळाळी घालवते. ब्लीच आम्लात किंवा अमोनियात मिसळल्यास विषारी वायू निर्माण होतात, म्हणून एकावर एक द्रावणे वापरून पाहण्याचा मोह तर अजिबात धरू नये.

हिरव्या खरखरीत घासणीत अनेकदा ॲल्युमिनियम ऑक्साइडचे कण असतात आणि ते वाळूतल्या क्वार्ट्झपेक्षाही कठीण असतात, मग लेपाची काय कथा. तारेची घासणी दुहेरी नुकसान करते: आधी ओरखडे पाडते, आणि तिचे तुटलेले बारीक तुकडे रंध्रांत अडकून पुढे गंजतात. चिकटून वाळलेले काही काढायचे असेल तर त्यावर ओले कोमट फडके दहा मिनिटे ठेवावे आणि मऊ झाल्यावर प्लास्टिकच्या पातळ पट्टीने उचलावे. खाण्याच्या सोड्याची पाण्यात कालवलेली पेस्ट हा सौम्य घासणीचा एकमेव प्रकार मी सुचवेन, आणि तोही बोटाच्या हलक्या दाबाने. चकचकीत पापुद्र्यावर तोदेखील आधी कोपऱ्यात करून पाहावा.

डाग काढताना: पोटीस

डाग असल्याची खात्री कशी करायची, हे सुरुवातीच्या लिंबाच्या उदाहरणातच आले आहे. ओले केल्यावर नाहीशी होणारी आणि वाळल्यावर परत येणारी फिकट खूण ही झीज आहे. ओल्या व कोरड्या दोन्ही स्थितींत दिसणारी, भोवतालापेक्षा गडद किंवा रंगीत खूण हा डाग आहे. डागावर मग घासण्याचा उपयोग मर्यादित असतो, कारण तो वर नसून रंध्रांत असतो. त्याला आतून ओढून काढावे लागते, आणि त्यासाठी गळवावर बांधतात तशीच पोटीस बांधावी लागते.

पोटीस म्हणजे शोषक पूड आणि डाग विरघळवणारा द्रव यांचा लगदा. पूड म्हणून खाण्याचा सोडा, टाल्कम पावडर किंवा केओलिन नावाची पांढरी माती चालते. द्रव मात्र डागाप्रमाणे बदलतो. कॉफी, चहा, वाइन, बेरी आणि हळद यांसारख्या वनस्पतिजन्य रंगांसाठी 3 टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड वापरतात. तेलासाठी ॲसिटोन, परंतु ते ॲक्रिलिक लेप विरघळवते आणि अतिशय ज्वालाग्राही असते, म्हणून ते वापरताना शेगडी बंद, खिडक्या उघड्या आणि हातात योग्य मोजे असणे आवश्यक आहे. हळदीचा रंग प्रकाशाने फिका पडतो, त्यामुळे ओट्यावर ऊन येत असेल तर काही दिवस नुसती वाट पाहणे हाही एक प्रामाणिक उपाय आहे.

पुडीत थेंब थेंब द्रव घालत लोण्याइतका घट्ट लगदा करावा. तो वाहता असेल तर डाग बाहेर येण्याऐवजी कडेने पसरतो. डागाच्या बाहेर दोन बोटे जाईल असा, साधारण 5 ते 6 मिलिमीटर जाडीचा थर द्यावा, त्यावर प्लास्टिकचा पातळ कागद पसरून कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात आणि ते 24 तास तसेच ठेवावे. त्यानंतरची पायरी सर्वांत महत्त्वाची असूनही घाईत वगळली जाते. प्लास्टिक काढल्यावर लगदा लगेच खरवडून न टाकता तो पूर्णपणे वाळू द्यायचा असतो. झाकलेल्या काळात द्रव आत शिरून डाग विरघळवतो, आणि उघडल्यावर तो बाष्पीभवनाने वर येताना डाग बरोबर घेऊन पुडीत सोडतो. वाळलेल्या लगद्याच्या कडा उचलल्या जातात, त्याला भेगा पडतात, आणि त्याच्या खालच्या बाजूला पिवळट किंवा तपकिरी छटा दिसते. ती दिसली की पोटीस काम करते आहे असे समजावे. मग लाकडी उलथन्याने तो उचलावा, जागा धुवावी आणि पूर्ण वाळल्यावरच निकाल पाहावा, कारण ओल्या काँक्रीटचा रंग फसवा असतो. जुन्या तेलाला दोन-तीन पोटिसा लागणे स्वाभाविक आहे. रंगीत ओट्यावर पेरॉक्साइडने रंग उजळण्याचा धोका असल्यामुळे आधी आडबाजूला प्रयोग करावा.

हा सगळा खटाटोप मुरणाऱ्या लेपावर किंवा लेप झिजलेल्या जागीच उपयोगी पडतो. पापुद्रा शाबूत असेल आणि डाग त्याच्या खाली दिसत असेल, तर पोटीस त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. अशा वेळी पापुद्रा काढण्यावाचून गत्यंतर नसते. तेल नुकतेच सांडले असेल तर मात्र पोटिसापर्यंत जाण्याचीही गरज नाही. टिपून घ्यावे, वर टाल्कम पावडर किंवा कॉर्नफ्लोअर जाडसर पसरून रात्रभर ठेवावे आणि सकाळी झाडून काढावे.

गंजासाठी बाजारात मिळणारी बहुतेक द्रावणे आम्लाची असतात आणि ती गंजाबरोबर चुनाही खातात. त्याऐवजी सोडियम सायट्रेट, पाणी व ग्लिसरीन यांची पोटीस करावी. ती सावकाश काम करते आणि दोन-तीनदा करावी लागते, पण तिने ओटा झिजत नाही.

नव्या ओट्यावर कधी कधी पांढरी भुकटी उमटते, तिला डाग समजू नये. काँक्रीटमधला चुना ओलाव्याबरोबर वर येऊन हवेत त्याचे कार्बोनेट झालेले असते. कोरड्या मऊ ब्रशने ती झाडावी. ती पुन्हा पुन्हा येत असेल तर ओलावा कुठून येतो ते शोधावे, आणि बहुतेक वेळा तो सिंकच्या जोडातून येत असतो.

आम्लाने झिजलेली जागा

पापुद्र्याखालची जागा झिजली असेल तर तिथे लेप आधीच फाटलेला असतो, आणि तेवढ्याच भागाला ठिगळ लावले तर ते कायम दिसत राहते. मुरणाऱ्या लेपाचा ओटा घरी दुरुस्त करता येतो. हाताने वापरायचे हिऱ्याच्या कणांचे पॉलिशिंग पॅड मिळतात. त्यांपैकी 400 पासून सुरुवात करून 800 आणि मग 1500 क्रमांकाचे पॅड पाणी शिंपडत, गोलाकार आणि झिजलेल्या जागेच्या बाहेरपर्यंत विरत जाईल असे फिरवावे. पाणी शिंपडणे इथे ऐच्छिक नाही. कोरड्या घासण्यातून उडणारी सिलिकाची धूळ फुप्फुसांना कायमची इजा करते. मूळ ओट्याची झळाळी जिथे जुळेल तिथेच थांबावे. सगळ्याच ओट्यांना 1500 पर्यंत नेलेले नसते, आणि मंद पृष्ठभागाच्या मध्यभागी चकाकणारा गोल मूळ चट्ट्यापेक्षाही वाईट दिसतो. नंतर तेवढ्या जागेवर लेप द्यावा. खूण अगदी फिकट असेल तर नुसत्या मेणानेही ती झाकली जाते.

गरम भांडी आणि भेगा

काँक्रीट उष्णता सहन करते, म्हणून गरम भांडे थेट ठेवायला हरकत नाही, असे विक्रीच्या वेळी सांगितले जाते. काँक्रीट सहन करते हे खरे, पण लेप करत नाही. ॲक्रिलिक मऊ होऊन भांड्याच्या बुडाला चिकटते, इपॉक्सीवर तपकिरी कडे उमटते आणि मेण तर 60 ते 85 अंश सेल्सिअसच्या दरम्यानच, मधमाशीचे आधी व कार्नोबा नंतर, वितळते. भट्टीतून काढलेल्या ओतीव लोखंडाच्या भांड्याने एकाच जागी अचानक ताण येऊन बारीक भेग जाण्याचीही शक्यता असते. तिवई किंवा लाकडी पाट वापरावा.

केसासारख्या बारीक भेगा काँक्रीट आकसल्यामुळे पडतात आणि सिंकच्या कोपऱ्यांशी त्या हमखास आढळतात. त्यांतल्या बहुतेक निरुपद्रवी असतात, तरी भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने बारीक रेघ मारून शेजारी तारीख लिहावी आणि दोन-तीन महिन्यांनी पाहावे. भेग रेघेपुढे गेली नसेल तर ती पातळ इपॉक्सीने किंवा ओट्याच्या रंगाच्या बारीक सिमेंट लगद्याने भरून वर लेप द्यावा. ती वाढत असेल, किंवा तिच्या दोन्ही कडा एका पातळीत राहिल्या नसतील, तर खालचा आधार हलला आहे असे समजून कारागिराला बोलवावे. भरून उपयोग होणार नाही.

लेप पुन्हा देणे

मुरणारा लेप वापरानुसार दर एक ते तीन वर्षांनी पुन्हा द्यावा लागतो, आणि मेण साधारण दर एक ते तीन महिन्यांनी. पण दिनदर्शिकेपेक्षा पाण्याच्या परीक्षेवर विश्वास ठेवावा. ओटा नवीन असेल तर पहिला लेप केव्हा द्यायचा हे कारागिराने ठरवावे. सिमेंटची ताकद मोजण्यासाठी 28 दिवसांचा काळ प्रमाण मानला जातो आणि त्या काळात ओट्याचा रंगही सुकत सुकत फिका होत जातो.

लेप देण्याआधी ओटा साबणाने धुऊन, साबण पूर्ण काढून, किमान 24 तास वाळू द्यावा. वर मेण असेल तर ते मिनरल टर्पेंटाइनने काढावे लागते, कारण मेणाच्या थरातून मुरणारा लेप आत जाऊच शकत नाही आणि वर चिकट राप मात्र जमतो. मग लेप फडक्याने किंवा मऊ ब्रशने सारखा पसरावा, जागा ओली राहील इतका. वेष्टनावर दिलेला वेळ, बहुधा काही मिनिटे, झाल्यावर वर राहिलेला सगळा द्रव कोरड्या फडक्याने काटेकोरपणे पुसून घ्यावा. मुरणाऱ्या लेपाचा जो भाग मुरला तोच उपयोगाचा. वर राहिलेला वाळून पांढरट थर होतो आणि तो काढताना ओट्याला पुन्हा घासावे लागते. म्हणून संपूर्ण ओटा एकदम ओला न करता हात पोहोचेल तेवढ्या भागांत काम करावे. दुसरा हात द्यायचा असल्यास तो वेष्टनावर सांगितलेल्या अवधीतच द्यावा. पहिले 24 तास पाणी लागू देऊ नये आणि लेप पूर्ण पक्का होईपर्यंत, म्हणजे काही प्रकारांत आठवडाभर, तेल व आम्ल यांपासून ओटा जपावा.

पापुद्र्याचा लेप पुन्हा देताना जुना थर घट्ट बसलेला असेल तरच त्यावर नवा द्यावा, आणि तोही बारीक सँडपेपरने हलकी पकड तयार करून. जुना थर सुटत असेल, त्याखाली हवेचे फुगे किंवा पांढुरके ढग दिसत असतील, तर तो संपूर्ण काढावा लागतो. हे काम, विशेषतः पॉलियुरेथेनचे, जाणकाराकडून करून घेणे शेवटी स्वस्त पडते.

मेण लावताना ते नखाएवढेच घ्यावे, अतिशय पातळ पसरावे, वाळून धुरकट झाले की मऊ कापडाने चोळून चमकवावे. जास्त मेणावर धूळ आणि बोटांचे ठसे बसतात. मेणाऐवजी स्वयंपाकाचे तेल चोळण्याची सूचना कधी कधी कानावर येते. ते तेल रंध्रांत जाऊन खवट होते, चिकट पडते आणि ज्या डागांपासून ओटा वाचवायचा तसाच एक डाग आपल्याच हाताने संपूर्ण ओट्यावर पाडल्यासारखे होते. तेलच वापरायचे असेल तर खाद्यपदार्थांसाठी योग्य असे मिनरल ऑइल घ्यावे.

काम झाल्यावर लेपाचे नाव, प्रकार व तारीख एका चिठ्ठीवर लिहून ती सिंकखालच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवावी. उरलेला लेप घट्ट झाकणाच्या बाटलीत तिथेच न ठेवता शेगडीपासून दूर, थंड जागी ठेवावा, आणि पुढच्या वेळी तो वापरण्याआधी बाटली हलवून पाहावी: घट्ट गोळे किंवा साका दिसला तर तो टाकून नवा आणावा.